बेअरिंग डुप्लिकेट नसतं, जोडणी डुप्लिकेट असते



आजची नोंद खतावर नाही, फवारणीवर पण नाही. मोटारीवर आहे. आणि जरा कडक आहे, त्यामुळे ड्राइव्ह विकणाऱ्या भावांनी आधीच तांब्याभर पाणी पिऊन बसावं.

अलीकडच्या काही वर्षांत आपल्याकडं व्हीएफडी, म्हणजे आपण जिला नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हणतो ती पेटी, नदीकाठच्या पंपहाऊसात आणि विहिरीवर सगळीकडं दिसायला लागली. ठिबकचा प्लॉट बदलला तरी प्रेशर सारखं राहतं. मोटार धक्का न खाता उठते. पाइपलाइनला दणका बसत नाही. हे सगळं खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण त्याच पेटीबरोबर एक तक्रारही आली. वाइंडिंग चांगलं, पंप चांगला, अलाइनमेंट बरोबर, तरी बेअरिंग वाजायला लागतं. बदललं की काही महिन्यांनी परत तेच. आणि तीच मोटार आधी साध्या स्टार्टरवर वर्षानुवर्षं मुकाट चाललेली असते.

यावर ठरलेली चार उत्तरं मिळतात. मेस्त्री म्हणतो, बेअरिंग डुप्लिकेट होतं. दुकानदार म्हणतो, ग्रीस नीट भरलं नसेल. ड्राइव्हवाला म्हणतो, आमच्या पेटीचा आणि बेअरिंगचा काय संबंध? मोटारवाला म्हणतो, ड्राइव्ह लावताना आम्हाला विचारलं होतं का? चौघांची चार तोंडं चार दिशेला, आणि मधी शेतकरी, हातात जळकं बेअरिंग घेऊन उभा.

माझं म्हणणं सरळ आहे. ड्राइव्हवरच्या मोटारीचं बेअरिंग पुन्हा पुन्हा जात असेल आणि आतल्या पट्टीवर मी पुढं सांगतो ती खूण असेल, तर त्या बेअरिंगमधनं वीज जात आहे. दोष बेअरिंगचा नाही, ग्रीसचा नाही. दोष जोडणीचा आहे. आणि ती जोडणी करून, पैसे घेऊन जो गेला, त्यानं हे आधी सांगायला पाहिजे होतं.

वीज बेअरिंगमध्ये येते कशी

डीपीवरून येणारे तीन फेज म्हणजे एका कड्याला तीन बाजूंनी सारख्या ताकदीनं ओढणारे तीन दोर. कडं मधोमध राहतं. तिघांची बेरीज शून्य.

ड्राइव्ह तसं करत नाही. ती आधी एसीची डीसी करते. ४१५ व्होल्ट आत आले की साधारण ५८५ व्होल्ट डीसी तयार होतं. मग ते डीसी ती मोटारीकडं तुकड्या-तुकड्यात सोडते. सेकंदाला दोन हजारांपासून सोळा हजार वेळा, सेटिंग असेल तसं, आतले स्विच उघडझाप करतात. मोटारीला त्याची सरासरी मिळते आणि ती फिरते. पण कुठल्याही एका क्षणी प्रत्येक फेज एक तर पूर्ण वर असतो, नाही तर पूर्ण खाली. दोन वर एक खाली, किंवा एक वर दोन खाली, कधी तिन्ही एकाच बाजूला. बेरीज शून्य होतच नाही. ही जी शिल्लक राहते तिला कॉमन मोड व्होल्टेज म्हणतात. हा ड्राइव्हमधला बिघाड नव्हे. भारीतली भारी साधी ड्राइव्ह घेतली तरी हे असतंच, कारण तिचं कामच तसं चालतं.

ही शिल्लक वाइंडिंगमधून रोटरवर जाते. मधी हवेची फट असली तरी कंडेन्सरसारखा परिणाम होतो आणि शाफ्ट चार्ज होतो. बेअरिंग वेगात फिरत असताना गोळी आणि पट्टी यांच्यामधी तेलाचा थर असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ. तो थर वीज अडवतो. शाफ्टवरचे व्होल्ट वाढत जातात आणि थराला सोसेनासं झालं की फट्कन ठिणगी पडते. वेल्डिंगच्या ठिणगीचं बारकं पिल्लू समजा. त्या जागी पोलाद वितळून सुईच्या टोकापेक्षा बारीक खड्डा पडतो. एका खड्ड्यानं काही होत नाही. पण हे दिवसभर, दर सेकंदाला असंख्य वेळा चालतं.

आधी पट्टीची चकाकी जाऊन ती राखेसारखी करडी होते. ग्रीस काळं पडतं, जळकं होतं. मग गोळ्या त्या खड्ड्यांवर आपटत-आपटत पट्टीवर आडव्या रेघा पाडतात, सारख्या अंतरावर. वावरात सरी पाडल्यासारखी सरी-वरंबा, सरी-वरंबा. हीच ती खूण. ही दिसली की डुप्लिकेटची गोष्ट तिथंच बंद करा.

शाफ्टमधून वीज जाऊन बेअरिंग खराब होतं ही काही कालची बातमी नाही. अमेरिकेत अल्जर आणि सॅमसन या दोघांनी मोठ्या यंत्रांमधल्या शाफ्ट करंटवर १९२४ सालीच लिहून ठेवलंय. नवीन झपाट्याच्या स्विचवाल्या ड्राइव्ह १९९०च्या दशकात आल्यावर छोट्या मोटारींतही हा त्रास दिसायला लागला आणि त्यावर ढीगभर अभ्यास झाला. ड्राइव्ह बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं आहेत. म्हणजे बनवणाऱ्याला माहीत आहे. बांधावर येऊन विकणारा तेवढा अंगठा चोखतोय.

आपल्या पंपहाऊसात जास्त का होतं

आता मुख्य मुद्दा. तुमच्या पंपहाऊसाकडं जरा डोळे उघडून बघा.

मोटार चॅनेलवर, चॅनेल काँक्रीटवर. मोटारीला अर्थ म्हणून एक बारीक जीआय तार, ती बाहेर कोरड्या मुरमात ठोकलेल्या सळईला. कुठं ती तार पण गंजून तुटलेली. ड्राइव्हपासून मोटारीपर्यंत केबल कुठली? पाणबुडीची चपटी थ्री-कोर. तिच्यात अर्थची कोर नसतेच. आणि मोटारीला कपलिंगनं जोडलेला पंप? त्याला लोखंडी सक्शन पाइप, जो थेट नदीच्या पाण्यात, आणि लोखंडी डिलिव्हरी पाइप, जो ओल्या जमिनीत गाडलेला.

आता सांगा, मोटारीच्या बॉडीवर आलेल्या या करंटनं जावं कुठनं? सळईची वाट अरुंद. पंपाची वाट मोकळी. मग ते बॉडीतनं बेअरिंगमध्ये, बेअरिंगमधनं शाफ्टवर, शाफ्टवरनं कपलिंगमार्गे पंपात आणि पाइपातनं जमिनीत जातं. वाटेत मोटारीचं बेअरिंग भाजतं, कधी पंपाचं पण. कारखान्यात मोटार आणि मशीन एकाच अर्थच्या जाळ्यावर असतात. आपल्याकडं पाइपलाइनच सगळ्यात चांगला अर्थ आहे आणि तिची वाट आपण बेअरिंगमधनं काढून दिलीय.

माझ्या नदीवरच्या १५ एचपी मोटारीवर ड्राइव्ह बसवून दिली तेव्हा बसवणाऱ्यानं हेच केलं. चपटी केबल, कोपऱ्यात एक सळई, वर सही-शिक्का. एका उन्हाळ्यात ६३०९ नंबरचं बेअरिंग दोनदा गेलं. ऊस तहानलेला, पाळी हुकलेली, आणि फोनवर उत्तर काय? ‘काका, लोकल बेअरिंग टाकलं असेल.’ बिल दाखवलं तर म्हणाला, मग ग्रीस जास्त झालं असेल. दुसऱ्यांदा गेलेलं बेअरिंग भाच्याच्या वर्कशॉपात ग्राइंडरनं कापलं. बाहेरच्या पट्टीवर अशा सरळ सरी, जणू कुणी आखून दिल्यात. फोटो पाठवला. त्यानंतर फोन उचलणं बंद.

बेअरिंगची किंमत काही फार नाही, असं मला बरेच जण सांगतात. अहो, बेअरिंगची किंमत कोण धरतंय? मोटार उतरवायची, टेम्पोनं तालुक्याला न्यायची, पुलर लावून काढायचं, परत आणून अलाइनमेंट करायची. आठवड्याची लाइट रात्रीची असेल तर ती पाळी गेलीच. एप्रिल-मेमध्ये द्राक्षाची काडी तयार होताना किंवा उसाची लागण कोवळी असताना चार दिवस पाणी हुकलं तर ते कुठल्या बिलात धरायचं?

करायचं काय, क्रमानं

१) मोटार ते ड्राइव्ह अर्थ परत न्या. सगळ्यात आधी हेच. हा करंट ड्राइव्हमधनं निघालेला आहे आणि त्याला ड्राइव्हकडंच परत जायचंय. म्हणून मोटारीच्या बॉडीपासून थेट ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलपर्यंत आखूड वाट पाहिजे. खड्ड्यात मीठ-कोळसा ओतून बेअरिंग वाचत नाही. खड्ड्याचा अर्थ माणसाच्या जिवासाठी लागतो, तो पाहिजेच, पण तो या रोगाचं औषध नव्हे.

२) मोटार आणि पंप एकमेकांना बांधा. मोटारीचा पाय आणि पंपाचा बेस यांच्यामधी तांब्याची चपटी विणलेली पट्टी लावा, दोन्हीकडचा रंग खरवडून. गोल बारीक तार नको. इतक्या झपाट्याची वीज तारेच्या फक्त वरच्या कातडीतनं पळते, म्हणून रुंद आणि आखूड पट्टी चांगली. पट्टी असली की करंट बाहेरनं जातं, बेअरिंगमधनं जायची गरज उरत नाही.

३) केबल बदला. ड्राइव्हसाठीची शील्डवाली केबल सगळ्यात चांगली. ते जमत नसेल तर निदान आर्मर्ड, दोन्ही टोकाला धातूची ग्लँड घट्ट बसवून, आर्मर दोन्हीकडं जोडून. केबल जितकी आखूड तितकी चांगली. लांब केबलवर मोटारीच्या टोकाला व्होल्टेजचा झटका डीसीच्या जवळपास दुप्पट, म्हणजे हजाराच्या वर जाऊ शकतो. त्यानं वाइंडिंगचं इन्सुलेशन पण मार खातं.

४) स्विचिंग फ्रिक्वेन्सी खाली आणा. सेटिंगमध्ये कॅरिअर फ्रिक्वेन्सी म्हणून असते. ती १० किंवा १२ किलोहर्ट्झवर ठेवली की मोटार गप्प चालते म्हणून बसवणारा खूश. पण जितकी उघडझाप जास्त तितक्या ठिणग्या जास्त. दोन ते चार किलोहर्ट्झवर मोटार जरा कुंई करते, करू द्या. पंपहाऊसात कोण झोपायला जातंय? साइन फिल्टर बसवलेला असेल तर मात्र त्या फिल्टरला चालेल त्याच्या खाली आणू नका.

५) शाफ्टला अर्थिंग रिंग. शाफ्टभोवती कार्बनच्या बारीक केसांची रिंग बसते. शाफ्टवरचा चार्ज ती बेअरिंगला टाळून बॉडीवर उतरवते. बेअरिंगपेक्षा महाग पडते, पण चार्ज साठून पडणाऱ्या ठिणग्यांवर सरळ इलाज हाच आहे. शाफ्टवर रंग, गंज, तेल नको. वर्षातनं एकदा बघत जा.

६) कॉमन मोड चोक. खास धातूचं कडं असतं. तिन्ही फेजच्या तारा एकत्र त्यातनं ओवायच्या, अर्थची तार बाहेरनं. ड्राइव्हच्या आउटपुटलाच बसवायचं. याचा उपयोग मोठ्या मोटारीत जास्त.

७) इन्सुलेटेड बेअरिंग. उपसा सिंचन संस्थांच्या मोटारी, साधारण १०० किलोवॅट म्हणजे सव्वाशे-दीडशे एचपी आणि त्याच्या वरच्या, त्यांच्यात आणखी एक प्रकार घडतो. करंट शाफ्टमधून दोन्ही बेअरिंग आणि बॉडी असा गोल फिरतो. तिथं कपलिंगच्या विरुद्ध बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग टाकून तो फेरा तोडायचा, आणि कपलिंगच्या बाजूला रिंग. संस्थेच्या संचालकांनी हे टेंडरमध्येच लिहावं.

माझ्याकडं पहिले पाच केले. दोन हंगाम झाले, तेच बेअरिंग आहे.

जे उलट बोलतात त्यांना

‘कारखान्यात इतक्या ड्राइव्ह चालतात, तिथं काही होत नाही.’ होतं. फक्त तिथं ते ओळखणारा माणूस पगारावर असतो. आणि तिथली केबल चपटी थ्री-कोर नसते.

‘दोन्ही बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग टाका, विषय संपला.’ नाही संपत. शाफ्टवरचा चार्ज मग पंपाच्या बेअरिंगकडं जाऊ शकतो. मोटार वाचली आणि पंप गेला तर काय मिळवलं?

‘वीज वाहून नेणारं ग्रीस मिळतं, ते भरा.’ त्यातले कण पट्टी घासतात आणि गुण टिकत नाही. त्यावर भरवसा ठेवून पैसे घालवू नका.

‘अर्थ जोडला की ईएलसीबी पडतो, म्हणून तोडला.’ हे मी स्वतः वायरमनच्या तोंडून ऐकलंय आणि याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. ड्राइव्हचा थोडा करंट अर्थमध्ये जातो, म्हणून साधा ईएलसीबी पडतो. त्यावर उपाय ड्राइव्हला चालणारा वेगळ्या प्रकारचा ईएलसीबी. अर्थ तोडणं हा उपाय नव्हे. ओल्या जमिनीवर, रात्री, बॅटरीच्या उजेडात आपण त्या मोटारीला हात लावतो. बेअरिंग जाऊ द्या, माणूस जाईल. आणि अर्थची तार न्यूट्रल समजून तिच्यावर बल्ब लावणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं.

ड्राइव्ह लागतेच का, हे आधी विचारा

कृषी अधिकारी आणि ठिबकवाले सल्लागार या पानावर वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी. वेग ८० टक्के केला की वीज निम्म्यावर येते असं सगळीकडं सांगितलं जातं. ते बरोबर, पण सगळा दाब पाइपातल्या घर्षणाचा असेल तेव्हा. आपल्या उपशाला चढ असतो. पूर्ण वेगात ५० मीटर दाब देणारा पंप ८० टक्के वेगात ३२ मीटरच देतो. नदी ते शेत चढ ४० मीटर असेल तर पाणी वर येणारच नाही. अशा ठिकाणी ड्राइव्ह कायम ५० हर्ट्झवरच चालते. मग ती घेतली कशाला?

नुसता सुरू होतानाचा धक्का टाळायचा असेल तर सॉफ्ट स्टार्टर पुरतो. मोटार वेगात आली की तो बायपास होतो, मोटार थेट लाइनवर येते आणि हा बेअरिंगचा तमाशाच नाही. प्लॉट बदलून प्रेशर सांभाळायचं असेल, तिथं मात्र ड्राइव्ह खरी कामाची. शिफारस करताना एवढा फरक लिहा.

सौर पंपवाल्यांसाठी पण सांगतो. एसी मोटारीच्या सौर पंपाचा कंट्रोलर म्हणजे आतून ड्राइव्हच. पाण्याने भरलेल्या पाणबुडी मोटारीत गोळ्यांची बेअरिंग नसतात, बुश आणि कार्बनचं थ्रस्ट असतं, त्यामुळं ही सरीची गोष्ट तिथं लागू नाही. तिथं काळजी लांब केबलच्या झटक्याची. पण सरफेस पंप असेल तर हे सगळं तुम्हालाही लागू. सरकारी योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची हमी असते. बेअरिंग गेलं तर कापून फोटो काढा आणि तक्रार लेखी द्या. फोनवर नको.

मोनोब्लॉकवाल्यांनीही समजून घ्या. तुमची मोटार आणि पंप एकाच बॉडीत, त्यामुळं पाइपाकडं पळणाऱ्या करंटचा त्रास कमी. शाफ्ट चार्ज होऊन पडणाऱ्या ठिणग्या मात्र तुमच्याकडं पण असतात.

माझी मागणी

ड्राइव्ह विकणाऱ्यानं कोटेशनमध्ये चार ओळी लिहून द्याव्यात: केबल कुठली टाकणार, मोटार-पंप-ड्राइव्ह अर्थ कसा बांधणार, फ्रिक्वेन्सी कितीवर ठेवणार, आणि शाफ्टला रिंग लागेल की नाही. लागणार नसेल तर ‘लागणार नाही’ असं लिहून खाली सही. बेअरिंगच्या पट्टीवर सरी निघाल्या तर बेअरिंग, मजुरी आणि टेम्पो त्याच्या खिशातनं.

अनुदानाच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांनी पेटीचा नंबर आणि शेतकऱ्यासोबत फोटो एवढ्यावर थांबू नये. मोटारीपासून ड्राइव्हपर्यंत अर्थ आहे का, एवढं वाकून बघावं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि आपण? चार ओळी लिहून मिळेपर्यंत आगाऊ रक्कम द्यायची नाही. गेलेलं बेअरिंग भंगारात टाकायचं नाही. डोळ्याला गॉगल लावून मेस्त्रीकडनं कापून घ्यायचं आणि पट्टी उन्हात धरून बघायची. गोळ्यांच्या अंतरावर मोजके डाग असतील तर ते उभ्या मोटारीला बसलेल्या हादऱ्याचे. एका बाजूलाच घासलं असेल तर अलाइनमेंट बघा. सगळ्या पट्टीवर सारख्या सरी असतील तर तो कापलेला तुकडा पिशवीत घाला आणि ज्यानं ड्राइव्ह बसवली त्याच्या टेबलावर नेऊन ठेवा. नंतर त्याला बोलू द्या.